तेरा टिंबे

मुद्रिते तपासण्याचा आमचा सराव तीस वर्षांचा आहे, प्रिंटर तपासण्याचा जेमतेम एका रात्रीचा. त्या रात्रीची हकीकत सांगायची आहे.

आमच्या मार्गदर्शनाखाली एक विद्यार्थिनी संतचरित्राच्या एका पोथीची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करीत होती. तिने उतरवून दिलेली संहिता आम्ही घरच्या लेझर प्रिंटरवर छापून घेतली आणि लाल शाई घेऊन बसलो. पाहतो तो नको तेथे अनुस्वार! 'वश'चा 'वंश', 'रग'चा 'रंग'. जुन्या लेखनात अनुच्चारित अनुस्वारांची रेलचेल असते. 1962 च्या लेखननियमांनी ते आपल्या लेखनातून गेले, तरी पोथी उतरवताना ते राखावेच लागतात. त्यामुळे एखादे टिंब अधिक दिसले की संशय उतरवणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. आम्ही तेरा टिंबे खोडली आणि तिला बोलावून चार शब्द सुनावले. ती एवढेच म्हणाली, "सर, मी एकही टिंब पदरचं घातलेलं नाही." आम्हांला तो उद्धटपणा वाटला.

रात्री तीच पाने पुन्हा चाळताना दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत एक टिंब दिसले. तेथे ते कशाचाच अनुस्वार होऊ शकत नव्हते, म्हणूनच दिवसभर आमच्या नजरेला आले नव्हते. त्याच्या सरळ खाली दुसरे. पट्टी लावली: 75 मिलिमीटर. त्याखाली पुन्हा तेवढ्याच अंतरावर तिसरे, आणि ते नेमके 'वश'च्या डोक्यावर. प्रत्येक पानावर समासापासूनचे अंतरही तेच.

संगणकाच्या पडद्यावर संहिता पाहिली, तेथे ही टिंबे नव्हती. मग एक कोरे पान छापले. कोऱ्या पानावर तीन टिंबे उमटली.

लेझर प्रिंटरमध्ये ड्रम नावाचा एक लाटण्यासारखा दंडगोल असतो. प्रकाशाने त्यावर अक्षरांची विद्युत्-आकृती उमटते, तिला टोनरची पूड चिकटते, ती कागदावर उतरते आणि पुढचा तापलेला रूळ ती कागदात पक्की करतो. (छापलेले अक्षर बोटाने पुसले जात असेल तर संशय या शेवटच्या रुळावर घ्यावा, उभी फिकट पट्टी दिसली तर बहुधा टोनर संपत आलेला असतो, आणि पावसाळ्यात कागद अडकू लागला तर यंत्राला शिव्या देण्याआधी दमट कागद बदलून पाहावा.) छोट्या यंत्रातल्या ड्रमचा घेर कागदाच्या उंचीहून पुष्कळच कमी, म्हणून एका पानामागे त्याचे तीन-चार फेरे होतात. त्याच्यावर ओरखडा असला की प्रत्येक फेऱ्याला एक डाग. डागांमधले अंतर म्हणजे दोषी रुळाचा घेर. यंत्र दुरुस्त करणारे त्यावरूनच गुन्हेगार ओळखतात.

एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे सांगून आम्ही दरवर्षी पाठचिकित्सा शिकवायला घेतो. दोन प्रतींत एकच चूक आढळली तर त्यांचे मूळ एक असावे, हेही शिकवतो. आमच्याच टेबलावर एकच चूक पानोपानी येत होती आणि आम्ही पोरीला दटावत होतो. असो.

आमच्या यंत्रात ड्रम आणि टोनर एकाच कार्ट्रिजमध्ये असतात. ती बाहेर काढून झडप किंचित उचलली, तर हिरवट पृष्ठभागावर बारीकसा ओरखडा होता. पुसून ओरखडा जात नाही, आणि बोटांचा तेलकटपणा व उजेड या दोहोंनीही ड्रम बिघडतो, म्हणून हात आवरला. सकाळी नवी कार्ट्रिज आणली. कोरे पान कोरे निघाले.

मग ती सारी पाने पुन्हा छापली. तेरांपैकी बारा टिंबे गेली होती. एक राहिले होते: 'पंथ'. तेथे 'पथ'च हवा असे आम्हांला वाटले होते. पोथीचे छायाचित्र काढून पाहिले, टिंब ठसठशीत होते.

ती आली तेव्हा आम्ही आधी बारा टिंबांची क्षमा मागितली, मग तेराव्याची. बारांचे तिला फारसे काही वाटले नसावे. तेराव्यावर मात्र तिने खुर्ची पुढे ओढली. "पण सर, मग ओवीचा अर्थच बदलतो ना?"

बदलत होता. त्या एका ओवीपाशी आम्ही दोघे दिवेलागणीपर्यंत बसलो होतो.