आठांचं घर
'द सिम्स ४' या गेममध्ये एका घरात जास्तीत जास्त आठ माणसं राहतात. आमची आठ झाली होती आणि धाकट्या सुनेला बाळ हवं होतं. घर भरलेलं असलं, की तो पर्यायच मिळत नाही. म्हणून आज थोरल्याला वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं. जड गेलं, पण तो दिसत तरी राहील.

माझा जीव अडकलाय तो शेजाऱ्यांत. एकूण लोकसंख्या मर्यादेपलीकडे गेली, की आपण न खेळवलेली माणसं गेम परस्पर पुसून टाकतो. संगणकावर भार नको म्हणून माणूस पुसायचा, हे मला अजिबात पटत नाही. रात्री घरांची यादी उघडली आणि गुलाबांना पाणी घालणाऱ्या समोरच्या आजींचं कुटुंब आपल्या खेळत्या कुटुंबांत घेतलं. आता त्यांना धक्का नाही. उद्या पलीकडचा चित्रकार.