पाहुणा उतरवावा कोठें?

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या पुतण्याचें अमेरिकेहून पत्र आलें. पत्र म्हणजे अर्थात् आजकालचें. तें आमच्या धाकट्या चिरंजीवांच्या हातांतील फोनवर अवतरलें आणि त्यांनीं तें घरच्या रिवाजाप्रमाणें ओसरीवर सर्वांस मोठ्यानें वाचून दाखविलें. मजकूर असा कीं, फाल्गुनांत तो दहा दिवसांकरितां मुक्ताईनगरास येणार. बरोबर कचेरींतील एक अमेरिकन स्नेही. दर वर्षीं बापासमवेत रीतसर परवाना काढून हरिणाची शिकार करणारा. आमच्या आजोबांच्या बंदुकीच्या गोष्टी पुतण्यानें त्यास इतक्या रंगवून सांगितल्या होत्या कीं, त्यानें खानदेशांत वाघाच्या शिकारीस येण्याचा बेत पक्काच केला होता. "काका, बंदूक घेऊन उतरावयास कोणता विमानतळ सोयीचा, तेवढें कळवा," असें शेवटीं लिहिलें होतें.

ओसरीवर हंशा पिकला. आमच्या मातोश्री माई मात्र हंसल्या नाहींत. "तो घरीं किती वाजतां पोंचेल, तें विचार," एवढेंच त्या म्हणाल्या.

बंदुकीचें उत्तर सोपें होतें. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडे वाघाची शिकार बंद झाली, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें इतर रानजनावरांच्या शौकाच्या शिकारीचे परवानेहि गेले. आजोबांची बंदूक वडिलांनीं कधींच सरकारजमा केली. भिंतीवर तिची खुंटी तेवढी उरली आहे. खरें सांगावयाचें तर त्या बंदुकीनें वाघ मेल्याचें आम्हीं घरांत कधीं ऐकलेलें नाहीं. मळ्यांतील माकडें हांकण्यापलीकडे तिचा पराक्रम गेला नसावा. पण सात समुद्रांपलीकडे गेल्यावर माकडाचा वाघ होतो.

तरी त्या परक्या गृहस्थास अगदींच वेडा म्हणवत नाहीं. शिकारीसाठीं साहेबानें ह्या मुलखांत यावें ही गोष्ट जुनीच आहे. १८१९ च्या एप्रिलांत मद्रासच्या घोडदळांतील जॉन स्मिथ नांवाचा अधिकारी वाघाच्या मागावर निघाला, आणि त्याला वाघाऐवजीं अजिंठ्याचीं लेणीं सांपडलीं. १८२५ साली खानदेशांत आलेल्या औट्रमनें भिल्लांची पलटण उभी केली. त्या लोकांच्या मनांत त्यानें जागा मिळविली ती पुष्कळशी वाघाच्या शिकारींतील धाडसानेंच. त्या लोकांपुढें विमानतळाचा प्रश्न नव्हता. घोडा जेथें थकेल तेथें मुक्काम.

वाघ मात्र अजून आहे. आमच्या तालुक्यांतील डोलारखेड्याच्या बाजूस जें जंगल आहे, त्याला २०१४ साली मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून संरक्षण मिळालें. मेळघाटाकडून यावलच्या सातपुड्याकडे जाणाऱ्या वाघाला हा मधला टप्पा पडतो. गंमत अशी कीं, येथला वाघ केवळ जंगलांत राहत नाहीं, तो केळीच्या बागांतहि राहतो. दाट सांवली, पायाखालीं ओल, आणि मागोमाग येणारीं रानडुकरें. त्याला आणखी काय हवें? रात्रीं केळीस पाणी द्यावयास निघालेला गडी मात्र हातांत बॅटरी आणि तोंडानें मुक्ताईचें नांव घेऊनच बांधावर पाय ठेवतो. तेव्हां आम्हीं कळविलें, "स्नेह्यास अवश्य आण, पण बंदूक तिकडेच ठेवून कॅमेरा घेऊन ये. वाघ दिसेलच असें वचन कोणी देणार नाहीं."

राहिला प्रश्न उतरण्याचा. आणि त्यावर घरांत तीन तट पडले.

चिरंजीवांचें मत जळगांव. जळगांवचा विमानतळ २०१२ साली राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांच्या हस्तें सुरू झाला, आणि त्या तर १९६७ पासून १९८५ पर्यंत आमच्याच एदलाबादच्या आमदार! (मुक्ताईनगराचें हें जुनें नांव, घरांतील वडील मंडळींच्या तोंडीं अजून तेंच बसलेलें आहे.) नकाशावर पाहिलें तर ह्याहून जवळ दुसरें कांहीं नाहीं; साठेक किलोमीटर, सव्वा तासाचा रस्ता. वहिनींचें मत इंदूर, कारण त्यांचें माहेर तिकडचें. इंदुरास २०१९ साली दुबईचें विमान सुरू झालें, आणि रस्त्याचें नांवच मुळीं इंदूर-एदलाबाद! वाटेंत नर्मदा लागते, बुऱ्हाणपुरापूर्वीं असीरगड दिसतो. पण रस्ता घाटाचा, सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास. रात्रभर विमानांत बसून आलेल्या माणसाच्या हाडांना तो किती मानवेल, हें माहेरच्या प्रेमाला दिसत नाहीं. थोरले बंधू म्हणजे त्या मुलाचे तीर्थरूप. ते सुपारी कातरीत इतका वेळ गप्प होते. ते एवढेंच म्हणाले, "मुंबई, आणि तेथून आगगाडी."

ह्यावर चिरंजीवांनीं, "काका, ही कुठल्या काळची गोष्ट!" असें म्हणावयास तोंड उघडलें, आणि बंधूंच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलें.

सात वर्षांपूर्वींच्या पौषांत आमचे वडील, अण्णा, शेवटच्या दुखण्यांत होते. निरोप जातांच हाच मुलगा निघाला. नकाशा पाहून त्यानें घरापासून सर्वांत जवळच्या लहान विमानतळाचें तिकीट काढलें. तें आम्हींच सुचविलें होतें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. परदेशांतून दिल्लीपर्यंत एक तिकीट, पुढें निराळें. दिल्लीस धुकें पडलें. पहिलें विमान तीन तास आकाशांत आणि भलत्याच गांवीं अडकलें. तें उतरून पारपत्राची तपासणी आणि पेट्या मिळेपर्यंत दुसरें निघून गेलें. तिकिटें दोन असल्यामुळें कोणावरच जबाबदारी नाहीं, आणि लहान विमानतळाचें पुढचें विमान तिसऱ्या दिवशीं! इकडे अण्णा दर तासाला विचारीत, "गाडी कोठवर आली?" त्यांच्या लेखीं नातू गाडीनेंच यावयाचा. आम्ही खोटेंच सांगत होतों, "इगतपुरी सोडली, मनमाड सोडलें." पहाटे आमच्याजवळ सांगावयास स्टेशनें उरलीं नाहींत. मुलगा आला तो दुसऱ्या दिवशीं दुपारीं. तो सरळ मुंबईस उतरला असता, तर त्या रात्रीं भुसावळची गाडी त्यास मिळाली असती.

तेव्हांपासून आम्ही विमानतळ नकाशावरच्या अंतरानें मोजीत नाहीं. तेथून पुढें जावयास दिवसांतून किती साधनें आहेत, एक चुकलें तर दुसरें केव्हां, हें आधीं पाहतों. मुंबईहून भुसावळास येणाऱ्या गाड्या अहोरात्र चालू असतात. सहासात तासांची वाट, आणि भुसावळाहून घर तासाभराच्या आंत. ह्या हिशेबांत साडेचारशे किलोमीटरांवरची मुंबई साठ किलोमीटरांवरच्या जळगांवापेक्षां जवळ पडते! मात्र मुंबईसहि आतां सावध राहावें लागतें. परदेशी विमानें सहारकडे उतरतात, देशांतलीं कांहीं सांताक्रुझकडून सुटतात, आणि २०२५ साली नवी मुंबईच्या विमानतळाचेंहि उद्घाटन झालें. तिकिटावर नुसतें "मुंबई" वाचून भागत नाहीं.

दुसरी गोष्ट माईंच्या पहिल्या प्रश्नाची. त्यांना एकोणनव्वदावें वर्ष चालू आहे. दोन्ही डोळ्यांचीं शस्त्रकर्में झालीं, तरी दिवे लागल्यावर माणूस त्या आवाजावरूनच ओळखतात. म्हणून ठरलें तें असें : रात्रीं मुंबईस उतरावें, दादरला आत्याकडे झोंप काढावी, पहाटेच्या गाडीनें निघावें, म्हणजे पाहुण्यास थळ घाट दिसेल आणि माईंना दुपारच्या उजेडांत नातू दिसेल. परतीचा मार्ग मात्र छत्रपती संभाजीनगरच्या विमानानें, म्हणजे वाटेंत अजिंठा घडेल. सोमवारीं लेणीं बंद असतात, तेव्हां तो वार टाळावा. दहाव्या लेण्यांत त्या जॉन स्मिथनें खांबावर कोरलेलें आपलें नांव अजून आहे. शिकारी पाहुण्यास तें दाखवावें, असा आमचा हट्ट.

"पण काका," चिरंजीव अखेर बोललेच, "जातांना तिकडचें विमान चुकलें तर? तेथून कोठें दर तासाला विमान आहे?"

प्रश्न बिनतोड होता. आम्ही बंधूंकडे पाहिलें, बंधूंनीं अडकित्त्याकडे. उत्तर माईंनीं दिलें. "जातांना चुकलें तर चुकूं द्या. एक दिवस माझ्याकडे अधिक राहील."

परवां पुतण्याचा निरोप आला. तिकिटें मुंबईचीं निघालीं, दोघांचीं. स्नेह्यानें बंदूक बापाच्या स्वाधीन केली असून केळीच्या बागेंत कोणते जोडे चालतात, असें विचारलें आहे. माईंनीं भरताचीं वांगीं आतांच सांगून ठेवण्याची घाई चालविली आहे. आणि बंधू रोज संध्याकाळीं चिरंजीवांस हांक मारून, पहाटेची ती गाडी भुसावळास वेळेवर आली कीं नाहीं, तें फोनवर पाहावयास लावतात.