आजोबांची दुनळी

दोन नळ्या शेजारी शेजारी असलेली बंदूक म्हणजे दुनळी. हा शब्द आमच्या कॉन्व्हेंटात कुणी शिकवला नव्हता, तो सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी शिकले. पणजोबांनी घेतलेली ती बर्मिंगहॅमची १२ बोअर. (१२ का? नळीच्या मापाच्या शिशाच्या १२ गोळ्यांचं वजन १ पौंड भरतं म्हणून. व्हायव्हात विचारलं तर सांगा!) १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि आजोबांनी शिकार सोडली. पीकसंरक्षणाचा परवाना तेवढा राहिला.

यंदा परवाना काकाच्या नावावर करायचं ठरलं. दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, तेल पिऊन काळा पडलेला आणि मुठीपाशी तडकलेला. काका म्हणाला, "अगं, शिसवी नवा बसवून घेऊ." म्हटलं, सुट्टी आहे, मी बघते ना! पण शस्त्राची दुरुस्ती घरी करता येत नाही, त्यालाही परवाना लागतो. म्हणून परवानाधारक कारागिराने लोखंड काढून कपाटात ठेवलं आणि स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या नजरेखाली, अक्रोडाचा दस्ता माझ्यापुढे ठेवला.

खडूची पूड अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लेप दिला. लेप सुकताना जुनं तेल वर ओढून घेतो. असे चार लेप दिले. तड्यात इपॉक्सी भरून दोरीने आवळलं. पोचे आलेल्या जागी ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली, की दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. अगदी जादू! पॉलिश पेपर मात्र जपून, लाकूड लोखंडाच्या पातळीखाली गेलं की संपलं. शेवटी जवसाचं तेल. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं पॉलिमर होतं. (तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं.)

तेलाआधी एक खड्डा अडून बसला. तिथले तंतू तुटलेलेच होते, वाफ काय करणार? तो घालवायचा तर अख्खा दस्ता घासावा लागला असता. आजोबांना रिक्षाने दुकानात आणलं. काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे. दस्त्यावरून त्यांचा हात सावकाश फिरला आणि अंगठा नेमका त्या खड्ड्यात थांबला. तरुणपणी रात्री जांभ्याच्या पायरीवरून ते घसरले होते, तेव्हाचा तो.

"तो खड्डो रवांदे गो बाय. नायतर माका कसा कळतला, ही आपलीच?"

मग खड्ड्यातही बोटाने तेल दिलं, सात हात. नवा शिसवी दस्ता चकचकीत दिसला असता, यात शंका नाही. आजोबांच्या अंगठ्याला तो परकाच राहिला असता.