सहा तास वाफ

डिसेंबर जवळ आला की वर्गात कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्याकडे नाताळला प्लम पुडिंग असतं ना गं?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, डब्यातून थोडं मिळेल एवढीच आशा. पण त्या प्रश्नात एक गोष्ट धरून चाललेली असते : ख्रिस्ती म्हणजे साहेबाचे जवळचे, तेव्हा साहेबाच्या ताटातलं यांच्या ताटातही असणार. आमच्या बेळगावच्या घरात नाताळला कलकल होतात, नेवऱ्या होतात, दोदोल होतो आणि कॅम्पातल्या बेकरीतून केक येतो. आमचं मूळ गोव्याकडचं, त्यामुळे पोर्तुगीज खुणा हव्या तेवढ्या सापडतील. इंग्रजांचं पुडिंग मात्र माझ्या आजीनेही कधी पाहिलेलं नाही.

यंदा डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' वाचताना ते परत समोर आलं. वर्गात बहुतेकांना पुडिंग म्हणजे लग्नाच्या पंगतीतलं थरथरणारं कस्टर्ड वाटत होतं. 1843 च्या त्या कथेतलं पुडिंग फडक्यात बांधून, कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात तासन्‌तास शिजवलेलं आहे. म्हणून तर हंडा उघडल्यावर घरात धुण्याच्या दिवसासारखा वास सुटतो. गरीब घरातली मिसेस क्रॅचिट ते काढायला जाते तेव्हा तिला कुणी बघायला नको असतं. कच्चं राहिलं असेल तर? उलटं करताना फुटलं तर? ही काळजी मला फार ओळखीची वाटली. गणपतीत उकडीच्या मोदकांवरचं झाकण काढताना शेजारच्या काकूंचा चेहरा अगदी असाच होतो. म्हटलं, ज्या पदार्थाचं श्रेय आपल्याला दरवर्षी फुकट मिळतं, तो एकदा करून तरी बघावा.

प्लम पुडिंगात प्लम नसतात. जुन्या इंग्रजीत प्लम म्हणजे मनुका. पावाचा चुरा, थोडा मैदा, साखर, मनुका-बेदाणे, अंडी, मसाला आणि चरबी एवढं कालवायचं आणि भट्टीत न भाजता वाफेवर शिजवायचं. चरबी म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची, तिला सूएट म्हणतात. ती लोण्यापेक्षा उशिरा वितळते, म्हणून पुडिंग हलकं होतं. मी ती आणणार नव्हते. भिंतीपलीकडे काकू राहतात. लोणी फ्रीजरमध्ये कडक करून किसलं.

आता यातलं इंग्लंडचं किती, तेही बघा. 1927 साली एम्पायर मार्केटिंग बोर्डाने इंग्लंडच्या राजाच्या आचाऱ्याची पुडिंगची कृती छापून वाटली, साम्राज्यातला माल खपावा म्हणून. बेदाणे ऑस्ट्रेलियाचे, दालचिनी सिलोनची, लवंग झांजिबारची, रम जमैकाची आणि मसाला हिंदुस्थानचा. म्हणजे साहेबाच्या ताटातलं आमच्या ताटात आलं का, हे विचारण्याआधी आमच्याकडचं त्याच्या ताटात किती गेलं, हे विचारायला हवं. (हे वाक्य मी वर्गात म्हटलं असतं तर भाषण वाटलं असतं. इथे चालेल.)

माझं प्रमाण असं : 125 ग्रॅम पावाचा चुरा, तेवढीच साखर, तेवढंच लोणी, 50 ग्रॅम मैदा, खडेबाजारातून आणलेल्या 300 ग्रॅम मनुका-बेदाणे, एक किसलेलं सफरचंद, दोन अंडी. दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ. मनुका आदल्या रात्री संत्र्याच्या रसात आणि तीन चमचे रममध्ये भिजवल्या. संत्र्याची साल तीनदा पाणी बदलून उकळली, मग पाकात घोळवली. टुटीफ्रुटी चालते म्हणतात, पण मला त्या पपईच्या तुकड्यांना काही चवच लागत नाही.

इंग्लंडात हे काम आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी करतात. त्या दिवशीच्या अँग्लिकन प्रार्थनेत, भक्तांची मनं ढवळून जागी कर, अशी देवाला विनंती आहे. ती ऐकून लोक घरी येऊन पुडिंग ढवळू लागले, म्हणून त्या दिवसाला नावच पडलं स्टिर-अप संडे. आमच्याकडे त्याच रविवारी ख्रिस्तराजाचा सण असतो. सकाळची मिसा झाली की करायचं ठरवलं.

पण एवढा वेळ वाफ धरायला भांडं कोणतं? मी काकूंकडे मोदकपात्र मागायला गेले. काकूंनी विचारलं, "अंडं असतंय काय त्यात?" म्हटलं, असतं. "मग नको गं नेऊ. राग नको मानूस, स्पष्ट सांगते." मला जरा लागलं. लहानपणापासून मी त्या घरात निम्मं जेवण जेवले आहे. मम्मीला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "तिचं पात्र, तिचं घर. आपला मोठा टोप घे की."

टोप घेतला. तळाशी बशी उपडी घातली, पुडिंगच्या वाडग्यावर लोणी लावलेला कागद मधोमध चुणी घालून बांधला. चुणी हवीच, पुडिंग फुगतं तेव्हा कागदाला जागा लागते. पाणी वाडग्याच्या निम्म्यापर्यंत. मध्ये मध्ये घालायचं ते उकळतंच, नाहीतर वाफ मोडते. सहा तास! मम्मीने गॅसच्या टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

काकूंचं मात्र डोक्यातून जाईना. मग आठवलं, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात अंडी आणि साखर रेशनवर होती, तेव्हा बायका किसलेलं गाजर आणि बटाटा घालून बिनअंड्याचं पुडिंग करत. तसं एक लहान, रमशिवाय, सोडा घालून स्टीलच्या डब्यात कालवलं आणि परत काकूंच्या दारात गेले. या वेळी पात्र मिळालं. वर एक रुपयाही मिळाला. "पाण्यात टाक. खडखडतोय तोवर पाणी आहे समज. आवाज थांबला की धाव." इंग्रज नाणं पुडिंगाच्या आत घालतात, ज्याच्या घासात येईल त्याचं नशीब. काकूंचं नाणं बाहेर राहून काम करत होतं. मला तेच जास्त पटलं.

दुपारी मी मिरवणुकीला गेले. परत आले तर मम्मी स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसलेली, हातात जपमाळ, कान रुपयाकडे. टोपात तीनदा पाणी घातलं म्हणाली. कागद सोडला तेव्हा सकाळचं बदामी पीठ गडद तपकिरी झालं होतं. भट्टी नाही, करपणं नाही, नुसत्या वाफेवर साखर इतकी काळवंडते हे मला खरं वाटलं नसतं. कोरा कागद बांधून ते कपाटात ठेवलं. नाताळच्या दिवशी परत दोन तास वाफवलं, ताटात उपडं केलं, गरम रम ओतून पेटवलं. निळी ज्योत दोन-चार क्षण टिकली. आजीने क्रूसाची खूण केली, मग एक घास खाल्ला आणि म्हणाली, "दोदोल बरा."

काकूंचा डबा त्यांना त्याच रविवारी संध्याकाळी पोचला होता. त्यांनी वर साजूक तूप घालून खाल्लं आणि वेलदोडा का नाही घातलास, म्हणून विचारलं. पुढच्या वर्षी घालायचा ठरलाय. उरलेल्या पुडिंगच्या कापा इंग्लंडात दुसऱ्या दिवशी लोण्यात परततात. आम्हीही परतल्या. कडा कुरकुरीत होतात, आणि चहाबरोबर खरं तर तेच जास्त चांगलं लागतं.