तासाभरातला न्याय

रहस्यकथेच्या वाचकाला रहस्य हवे असते, असे आपण धरून चालतो. 'सीआयडी' ही मालिका वर्षानुवर्षे पाहणाऱ्यांना ते लागू पडत नाही, आणि मी त्यांच्यापैकी एक आहे. आम्हांला खुनी कोण, याहून तोच क्रम पुन्हा पाहण्यात गोडी असते. प्रेत सापडते. एसीपी प्रद्युम्न हवेत बोटे फिरवत काहीतरी गडबड असल्याचे जाहीर करतात. प्रयोगशाळेत डॉ. साळुंखे आणि त्यांची ठरलेली कुरबूर होते. दया दार तोडतो. शेवटी एक थप्पड, तिच्यामागोमाग कबुली आणि कबुलीमागोमाग फाशीची ग्वाही.

२१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परतली. तिचे कर्ते बी. पी. सिंग यांनी २००४ साली १११ मिनिटांचा एक भाग सलग एकाच चित्रणात साकारला होता. म्हणजे कारागिरीची हौस नव्हती असे नाही. पण प्रेक्षक आला तो ओळखीच्या वाटेवर चालायला.

या पुनरावृत्तीला नाक मुरडणे मला जमत नाही. श्रावणातल्या कहाण्या आटपाट नगरातच सुरू होतात आणि त्यांचा शेवट ऐकणाऱ्याला आधीच पाठ असतो. कीर्तनात पूर्वरंगानंतर उत्तररंग येणार, हे श्रोत्याला ठाऊक असते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्यामागे वाचकांच्या पिढ्या धावल्या, त्या काही नावीन्याच्या शोधात नव्हत्या. साचा म्हणजे लेखकाने वाचकाला दिलेला शब्द असतो. 'सीआयडी'ने दिलेला शब्द असा : कोणताही खून बेवारस राहणार नाही. ज्या समाजात तक्रार नोंदवून घेणे हीच पहिली लढाई असते, तिथे हे आश्वासन थोडेथोडके नाही.

माझी अडचण साच्यातून गाळलेल्या भागाविषयी आहे. तोदोरोव्हच्या मते रहस्यकथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. प्रत्यक्षात तिसरीही असते, ती खटल्याची. अॅगथा ख्रिस्तीही बहुधा ती सांगत नाही. परंतु पॉयरो दिवाणखान्यात सर्वांना जमवून बोलतो, कोणाच्या कानशिलात देत नाही. 'सीआयडी'त तिसऱ्या कथेची जागा थप्पड घेते. तपास करणाराच निकाल देतो आणि शिक्षाही सांगून मोकळा होतो.

सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात अटक आणि कोठडी यांविषयी अकरा दंडक घालून दिले, ते डिसेंबर १९९६ मध्ये. मालिका सुरू होण्याच्या जेमतेम तेरा महिने आधी. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हे तत्त्व तर १८७२ च्या पुरावा कायद्यापासूनचे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. ज्या क्षणी मालिका संपते, त्या क्षणाला कायद्याच्या लेखी फारशी किंमत नाही.

आमच्या चाळीत एकदा चोरी झाली. धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलाला संशयावरून चौकशीला नेले आणि दोन दिवसांनी सोडून दिले. परत आला तेव्हा त्याचा एक गाल सुजलेला होता. माझ्या आईने त्याला हळदीचा लेप लावला, दूध दिले, आणि त्याच्या आईजवळ बराच वेळ बसून राहिली. चोर कधी सापडलाच नाही. त्याच आठवड्यात जेवणे आटोपल्यावर आम्ही दूरदर्शन संचासमोर बसलो. दयाचा हात उठला आणि आई नेहमीप्रमाणे म्हणाली, "बरे झाले मेल्याला." मीही हसलो.

त्या दोन्ही वेळची आई खरी होती. तिच्यात दुटप्पीपणा शोधणे सोपे आहे, पण ते अपुरे वाटते. पडद्यावर थप्पड बसते तेव्हा प्रेक्षकाला गुन्हा 'दिसलेला' असतो. दिग्दर्शकाने तो पूर्वदृश्यात दाखवलेला असतो. चौकीत नेलेल्या मुलाच्या बाबतीत असे पूर्वदृश्य कोणाजवळच नव्हते. साचा आपल्याला सर्वज्ञ करतो आणि त्या सर्वज्ञतेच्या आधारे हिंसा गोड करून देतो. रोजच्या जगात ही सर्वज्ञता नसते, म्हणूनच तर वकील, साक्षीपुरावा, उलटतपासणी हा सारा कंटाळवाणा पसारा लागतो. ती सवय मात्र आपण पडद्यावरून उठताना बरोबर घेऊन येतो.

एवढे कळूनही मालिका लागली की मी थांबतो. शिवाजी साटम यांच्या चेहऱ्यावरचा थकवा मला अजून खरा वाटतो. फ्रेडी साकारणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले, तेव्हा घरचे माणूस गेल्यासारखे वाटले होते. कधी मनात येते, एखाद्या भागात प्रद्युम्न साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे असावेत आणि बचावाच्या वकिलाने शांतपणे विचारावे : ही कबुली तुम्ही कशी मिळवलीत? असा भाग दाखवला, तर तो मी शेवटपर्यंत पाहीन की वाहिनी बदलीन, हे मला आजही सांगता येत नाही.