गिरणीतल्या माणसांचं गाणं

गौरी-गणपतीच्या दिवसांत रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांतून रात्री फिरावं. आरत्या झालेल्या असतात, जेवणं उरकलेली असतात आणि कुणाच्या तरी खळ्यात जाखडी उभी राहिलेली असते. मधोमध शाहीर, शेजारी ढोलकीवाला, झांजवाला आणि ओळ उचलून धरणारे दोघे-तिघे. त्यांच्याभोवती पायांत चाळ बांधलेले गडी फेर धरतात. आधी गण, मग गवळण, मग रात्र सरेल तशी पुढची गाणी. मध्येच सर येते आणि मांडवाच्या पत्र्यावर अशी कोसळते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. शाहिराचा आवाज मात्र तिच्याही वर चढतो.

हा आवाज गोड नसतो. गळ्याच्या अगदी वरच्या टोकाला नेऊन ठेवलेला, थोडा नाकातून येणारा, ताणलेला. गवई जिथे स्वराला हलकेच सावरून घेईल, तिथे शाहीर तो तसाच उघडा सोडून देतो. माझे कान या आवाजावर पोसले गेले. शिमग्यात पालखी सहाणेवर आली की होणारं नमन, मृदंगाच्या ठेक्यावर येणारे खेळे, काळ्या वेषातला संकासुर, हे सगळं त्यातच आलं. म्हणूनच पुढे एका अनोळखी देशातला आवाज कानांवर पडला तेव्हा तो मला परका वाटला नाही.

माझा मामा बोटीवर होता. एका सुट्टीत त्याच्या सामानातून एक कॅसेट निघाली. वर कोट-टाय आणि रुंद टोप्या घातलेली माणसं: बिल मन्रो आणि त्याचे ब्लू ग्रास बॉइज. शब्दांपैकी मला फारसं काही कळलं नाही. पण मन्रोने पहिली ओळ वर फेकली आणि मी ताठ बसले. तीच ती उंची, तोच तो उघडा स्वर. डोंगरापलीकडच्या कुणाला तरी हाक मारावी तसा. आमच्या घरी ती कॅसेट फीत विरेपर्यंत वाजली.

त्या गाण्यांत बँजोही होता. आमच्याकडे बँजो म्हणजे मिरवणुकीत ढोल-ताशांच्या जोडीला कडाडणारा, कळा दाबून वाजवायचा. त्याचं कूळ जपानी ताइशोगोतोशी जुळतं. कॅसेटमधला बँजो निराळा होता. गोल चौकटीवर कातडं ताणलेलं आणि त्यावरून जाणाऱ्या पाच तारा. त्याचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. गुलाम करून नेलेल्या माणसांनी त्या वाद्याची घडण आठवणीतून अमेरिकेत पुन्हा उभी केली. स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या वस्तीकऱ्यांच्या फिडलशी त्याची गाठ ॲपलाचियाच्या डोंगरांत पडली. कातड्यावरचा नाद छेडताक्षणी विरतो, लांबत नाही. मग वाजवणाऱ्याने काय करावं? मन्रोच्या मेळ्यातल्या अर्ल स्क्रग्जने अंगठा आणि पुढची दोन बोटं यांच्या आलटून-पालटून फिरतीने सुरांची अशी दाट साखळी विणली की विरायला जागाच उरली नाही. त्यातही पाचवी तार आखूड असते, ती दांडीवर मध्येच सुरू होते आणि बहुतेक वेळ एकच उंच सूर देत राहते. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला त्या एका सुराचा केवढा आधार वाटतो! ढोल-ताशे तर या मेळ्यात नसतातच. मॅन्डोलिनवाला तारा चटकन दाबून जो कोरडा ठोका देतो, त्यावरच सगळे चालतात.

पण ब्लूग्रास म्हणतात त्या या संगीताच्या मी पुरती प्रेमात पडले ती ही माणसं कोण होती हे वाचल्यावर. मन्रोचा जन्म 1911 चा, केंटकीतल्या रोझिन या खेड्यातला. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेतलेली, म्हणून धाकट्याच्या वाट्याला मॅन्डोलिन आलं. पेन नावाचा मामा फिडल वाजवायचा आणि आर्नल्ड शुल्ट्झ हा काळा गिटारवादकही नाचाच्या बैठकींना यायचा. त्या दोघांकडून या पोराने कान भरून घेतले. पुढे गावात पोट भरेना, तेव्हा अठराव्या वर्षाच्या सुमारास तो भावांपाठोपाठ उत्तरेकडे इंडियाना राज्यात गेला आणि तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपं हाताळू लागला. 1939 मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात तो पोचला. 1945 च्या अखेरीस त्याच्या मेळ्यात आलेला स्क्रग्ज युद्धाच्या काळात उत्तर कॅरोलिनातल्या शेल्बी गावी लिली मिलमध्ये कामाला होता. शिवणाचा दोरा काढणारी गिरणी. त्याच मेळ्यात गिटार वाजवत गाणारा लेस्टर फ्लॅट हाही कापडगिरणीतलाच.

गिरणी म्हटलं की रत्नागिरीच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. इथल्या कितीतरी घरांत एक माणूस गावी आणि एक मुंबईत लालबाग-परळला, अशी पिढ्यान् पिढ्या वाटणी होती. एकाच गावचे पुरुष एका खोलीत दाटीवाटीने राहायचे. पाळ्यांप्रमाणे झोपायचे, खाणावळीत जेवायचे आणि मनीऑर्डर गावी धाडायचे. गणपतीला आणि शिमग्याला मिळेल त्या बोटीने किंवा एसटीने घर गाठायचे. येताना ते ढोलकीवर नवी चाल बसवून आणायचे. गावाची जाखडी मुंबईत टिकली ती या चाकरमान्यांमुळे, आणि माझ्या मते ती तिथेच धारदार झाली.

जाखडीतला शक्ती-तुऱ्याचा सामना पाहिला की हे पटतं. एक पक्ष शक्तीचा, दुसरा तुऱ्याचा. एक आदिमायेला थोर म्हणणारा, दुसरा शिवाला. शाहीर आपल्या वस्तादाचं नाव घेऊन उभा राहतो, पुराणातला एखादा पेच काव्यात घालून समोरच्याला सवाल करतो आणि समोरच्याने त्याचा जवाब गाण्यातच द्यायचा असतो. खळ्यात हा खेळ सावकाश चालतो, कारण ऐकणारे सगळे घरचे. परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी तिकीट काढून बसलेले प्रेक्षक असले, वेळ ठरलेली असली आणि समोर दुसऱ्या तालुक्यातला शाहीर ठाकला की तीच कला घट्ट व्हायची, तिला वेग यायचा. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसांना हळुवार गाणं पुरणार तरी कसं?

ब्लूग्रासचंही तेच. डोंगरातलं जुनं संगीत ओसरीवरचं, निवांत. मन्रोने ते रेडिओच्या काही मिनिटांत बसवलं, चाल वाढवली, पट्टी वर नेली. सगळे एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहायचे, ज्याची पाळी त्याने पुढे यायचं, वाजवायचं आणि दुसऱ्याला वाट करून मागे सरायचं. ती हालचाल मी पुढे चित्रफितीत पाहिली तेव्हा मला फेरातली माणसं दिसली. गाण्यांत मागे राहिलेलं घर, म्हातारी आई, परत जायची ओढ. गावात राहणाऱ्याला घरावर गाणं रचायची गरज पडत नाही. ते रचतो गाव सोडून गेलेला. म्हणूनच मला ही दोन्ही गाणी गावाची असूनही शहरात तयार झालेली वाटतात, आणि त्यांना ‘अस्सल’ मातीचं म्हणून काचेच्या कपाटात ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्यांची जागा मॉलनी आणि टॉवरनी घेतली. सामने मात्र चालू राहिले.

एक गोष्ट त्या कॅसेटीत आणि या फेरांत मला बराच काळ खटकत होती. बाया कुठे आहेत?

त्या मुळाशी आहेत. लोकगीतं जमवणारा इंग्लंडचा सेसिल शार्प 1916 ते 1918 या काळात मॉड कार्पेलीसला बरोबर घेऊन ॲपलाचियाचे डोंगर पायाखाली घालत होता. त्याला जुनी गाणी देणाऱ्यांत चुलीपाशी, पाळण्यापाशी गाणाऱ्या बाया फार मोठ्या संख्येने होत्या. जेन जेन्ट्री या एकट्या बाईने त्याला साठाहून जास्त गाणी दिली. आमच्याकडे दापोली तालुक्यातल्या पालगडला जन्मलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केलं. जात्यावर पहाटे गायलेल्या त्या ओव्यांना श्रोता नसायचा, असलाच तर झोपलेलं लेकरू. नवरा मुंबईला, दीर मुंबईला, आणि ती गावी भात लावत, दळत, गात. चाकरमान्याचं गाणं मंचावर पोचलं. तिचं घरातच राहिलं.

हेझल डिकन्स मला म्हणून इतकी जवळची वाटते. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसाखाणींच्या मुलखातल्या गरीब कुटुंबातली ही मुलगी बाल्टिमोरला कारखान्यात राबायला आली आणि तिथे गाऊ लागली. 1965 मध्ये ॲलिस जेरार्डबरोबर तिची पहिली तबकडी निघाली. बाया साथीला नाहीत, पुढे उभ्या राहून गातायत, हे त्या मेळ्यांच्या जगात तेव्हा नवलाचं होतं. खाणीतल्या धुळीने छाती भरून तिचा भाऊ गेला, त्यावरही तिने गाणं केलं. तिचा आवाज मन्रोहूनही उघडा आहे. काही जणांना तो कर्कश वाटतो. मला त्यात जात्याची घरघर आणि शाहिराची फेक एकाच वेळी ऐकू येते, आणि तिला ऐकताना मला नेहमी असं वाटतं की आमच्या ओवीने फेरात शिरायला एवढा उशीर का केला.

आता ती शिरते आहे. नमनात पूर्वी पुरुष लुगडं नेसून गवळणी व्हायचे. आता अनेक गावांत मुली स्वतः उभ्या राहतात, आणि जाखडीची महिला मंडळंही झाली आहेत. अशाच एका मंडळाचा कार्यक्रम मी आमच्याच तालुक्यात पाहिला. ढोलकी बाईच्या हाती होती आणि मधोमध बसलेली शाहीर, वयाने माझ्याएवढी, समोरच्या वाडीतल्या पुरुषांना सवाल घालत होती. सवाल सीतेचा होता. पुरुषांच्या मंडळाने आपसांत डोकी जुळवली, ढोलकीवाल्याने उगाच दोन आवर्तनं जास्त घेतली, आणि जवाब यायच्या आत बायांनी पुढचा सवाल चढ्या पट्टीत सुरूही केला.