नदीपलीकडचा हुकूम

गोंडपिपरी तालुक्याच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते. अलीकडे महाराष्ट्र व पलीकडे तेलंगण. १९४८ पर्यंत पलीकडे निजामाचा अंमल होता. पुढें हैदराबाद राज्य, आंध्र प्रदेश व २०१४ पासून तेलंगण अशीं नांवें त्या तीरानें धारण केलीं. अलीकडच्या तीराचींही मध्यप्रांत, मध्य प्रदेश, मुंबई व महाराष्ट्र अशीं स्थित्यंतरें झालीं. परंतु मजुरांची ये-जा कोणत्याही राजवटींत थांबली नाहीं. मिरचीचा तोडा सुरू झाला कीं, इकडच्या बायाबापड्या आजही पोटासाठीं नदी ओलांडतात.

त्यांना पलीकडे पोंचविणारा एक तरुण एका हंगामांत इंग्रजी कागद घेऊन आमच्याकडे आला. मालवाहू गाडींत माणसें भरल्याबद्दल तिकडे त्याचा परवाना ठेवून घेतला होता, आणि आतां तीन महिन्यांच्या निलंबनाचा हुकूम हातीं पडला होता. “सर, परवाना तं चंद्रपूरचा हाये, मंग तिकडचा हुकूम इकडं कसा चालंन?” असा त्याचा प्रश्न होता.

प्रश्न भाबडा असला तरी निरर्थक नव्हता. अमेरिकेंत प्रत्येक राज्य आपापला परवाना देतें, आणि एका राज्याची कारवाई दुसऱ्यास कळावी म्हणून त्यांना आपसांत करार करावे लागले. आमच्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें एकच परवाना भारतभर चालतो. जो दोन्ही तीरांवर चालतो, तो एका तीरावर निलंबित झाल्यावर दुसऱ्या तीरावर शाबूत कसा राहील? मुदतींत गाडी चालविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊं शकतील, हेंही आम्हीं त्यास बजावलें.

ही शिक्षा मुळांतच अन्यायाची आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. मालाच्या गाडींत उभ्या राहिलेल्या माणसास धरावयास कांहीं नसतें. ती वळणावर कलंडली म्हणजे साऱ्या टोळीच्या चुली विझतात. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता-सुरक्षा समितीनें २०१५ सालीं अशा कृत्याबद्दल निदान तीन महिने निलंबन करावें असें राज्यांना कळविलें, तें याच कारणानें.

तथापि त्याच कायद्याचें १९ वें कलम असें सांगतें कीं, हुकूम करण्यापूर्वीं परवानेदारास आपलें म्हणणें मांडण्याची संधि दिली पाहिजे. पोलिसानें परवाना ताब्यांत घेणें वेगळें, आणि परवाना-अधिकाऱ्यानें कारणें नमूद करून तो निलंबित करणें वेगळें. या तरुणास सुनावणीचें बोलावणें पोंचलें तें सुनावणीचा दिवस उलटून गेल्यावर. हुकूम मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करतां येतें. तो अर्ज आम्हीं लिहून दिला. त्यांत गुन्हा नाकारला नाहीं. आमचें ऐकून घ्या, एवढेंच मागितलें.

अर्जाचा विचार होईपर्यंत मिरचीचा हंगाम सरला. गाडी दारांत उभी राहिली. तिचे हप्ते मात्र थांबले नाहींत. आणि त्या मजूर बाया? त्या दुसऱ्या एका मालवाहू गाडींत, तशाच उभ्यानें, पलीकडे गेल्या. एक चालक रस्त्यावरून दूर झाला. धोका होता तेथेंच राहिला. ज्या दोन राज्यांना एका परवान्याची शिक्षा मिळून अमलांत आणतां येते, त्यांना हंगामापुरती पहांटेची एक बस मिळून सोडतां येऊं नये काय?